यायची नाही

भोंडल्याच्या एका गाण्यात सून रुसून बसलेली असते. सासू समजवायला जाते, सोबत एखादा दागिना नेते. सून नाही म्हणते. मग सासरा जातो, दीर जातो, जाऊ जाते, नणंद जाते. प्रत्येकाच्या हातात काही ना काही असते आणि प्रत्येकाला तेच उत्तर मिळते. शेवटी नवरा जातो, आणि ती उठून त्याच्यामागून चालू लागते. त्याने काय नेले होते हे गावागणिक बदलते. कुठे मंगळसूत्र असते. आमच्याकडे तो चाबूक होता. पाटावर हत्ती काढून त्याच्याभोवती फेर धरताना मी हे गाणे कितीदा म्हटले असेल! चाबकाच्या ओळीला आम्ही सगळ्याजणी हसायचो आणि लगेच खिरापत ओळखायला बसायचो.

या गाण्याकडे मी परत वळले ती फार लांबच्या वाटेने. जुन्या पनवेलमध्ये आम्ही सात-आठ बायका महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमतो आणि एखादे पुस्तक मोठ्याने वाचतो. काही महिन्यांपूर्वी सर्वांतेसचे ‘डॉन क्विक्झोट’ हाती घेतले. स्पॅनिश आमच्यापैकी कुणालाच येत नाही. जॉन ऑर्म्सबी यांचा इंग्रजी अनुवाद पुढ्यात ठेवून मी तोंडी मराठी करत जाते. पवनचक्क्यांचे प्रकरण सगळ्यांना शाळेपासून ठाऊक होते, ते हसतखेळत पार पडले. पण पहिल्या भागाच्या चौदाव्या प्रकरणाशी आलो आणि मी अडले. तिथे मार्सेला नावाची एक मुलगी नाही म्हणते, आणि ते ‘नाही’ मराठीत कोणत्या शब्दाने म्हणावे हे मला सुचेना.

गोष्ट थोडक्यात सांगते. गिलेर्मो नावाच्या श्रीमंत शेतकऱ्याची ही मुलगी. जन्मताच आई गेली, त्या दुःखात बाप गेला. गावचा धर्मगुरू असलेल्या काकाने तिला वाढवले. मुलगी रूपाने अशी की मागण्यांवर मागण्या येऊ लागल्या. काका भला माणूस. तिच्या मर्जीविरुद्ध तिला उजवायचे नाही हा त्याचा निश्चय. एक दिवस ती मेंढपाळणीचा वेश करून रानात मेंढ्या राखायला निघून गेली. तिच्यामागोमाग सालामांकाच्या विद्यापीठात शिकलेला ग्रिसोस्तोमो मेंढपाळ होऊन आला, आणखीही कितीतरी आले. रानातल्या उंच झाडांच्या सालींवर तिचे नाव कोरलेले, कुणी त्या नावावर मुकुटही कोरलेला. ग्रिसोस्तोमोला तिने स्पष्ट नकार दिला. तो मेला. जिथे त्याने तिला पहिल्यांदा पाहिले त्याच खडकाच्या पायथ्याशी मित्र त्याला पुरत आहेत, तिच्या क्रौर्याचा उद्धार चालला आहे, त्याची शेवटची कविता वाचली जात आहे, आणि तेवढ्यात ती स्वतः त्या खडकाच्या माथ्यावर येऊन उभी राहते.

ती जे बोलते त्याचा आशय असा. तुम्ही म्हणता की मी सुंदर आहे म्हणून तुम्ही माझ्यावर प्रेम करता, आणि प्रेम करता म्हणून मीही करायला हवे. ज्याच्यावर प्रेम जडते त्याच्यावर त्याची परतफेड करण्याचे ऋण कुठून आले? मी कुरूप असते, तर तुम्ही प्रेम करत नाही अशी तक्रार मला करता आली असती का? रूप मी मागून घेतलेले नाही. मी मोकळी जन्मले आणि मोकळे राहता यावे म्हणून हे रान निवडले. कुणालाही मी आशा दाखवली नाही, वचन दिले नाही. याच जागी त्याला मी माझा बेत सांगितला होता. तो ऐकूनही जो वाऱ्याविरुद्ध होडी हाकत राहिला, तो बुडाला तर दोष त्याच्या हट्टाचा. माझे मला पुरेसे आहे, दुसऱ्याचे मला नको. एवढे बोलून, कुणाच्या उत्तराची वाट न पाहता, ती पाठ फिरवून दाट झाडीत शिरते.

आता मराठीत नाही म्हणण्याच्या तऱ्हा पाहा. ‘नाही’ मुळात वस्तुस्थिती नाकारते: पाणी नाही, वेळ नाही. ‘नको’ इच्छेचा शब्द आहे, पण ‘मला नको’ म्हणताना ‘मी’ वाक्यातून निघून जाते आणि ‘मला’ उरते. नकोसेपण जणू बाहेरून येऊन माझ्यावर बसते. शिवाय ‘नको’ हा आपला सगळ्यात सौजन्याचा शब्द. दुसऱ्यांदा वाढताना ‘नको, नको’ म्हणायचेच असते आणि वाढणाऱ्याने ते ऐकायचे नसते. ‘येऊ नये’ यात रीत बोलते, माणूस बोलत नाही. ‘मी येणार नाही’ हा बेत झाला. बाई म्हणो की पुरुष, वाक्य तेच राहते. आणि मग आहे ‘मी यायची नाही’. इथे क्रियापदच बोलणारीच्या लिंगाप्रमाणे वळते, ती बाई आहे हे वाक्याच्या हाडात दिसते, आणि आजच्याच नव्हे तर पुढच्या सगळ्या वेळांचा निकाल त्या दोन शब्दांत लागतो. मार्सेलाच्या तोंडी हेच रूप हवे असे मी सुचवले. तेव्हा आमच्यातली एक मैत्रीण म्हणाली, “अगं, पण हे तर भोंडल्यातल्या सुनेचं बोलणं झालं. लोकांना वाटेल, ही रुसलीय.”

तिचे म्हणणे खरे होते, आणि तेव्हापासून या एका शब्दाने माझा पिच्छा सोडलेला नाही. रुसवा. आपल्या भाषेत रुसवा आणि नकार यांची वाक्ये एकच आहेत. फरक आहे तो पुढे काय अपेक्षित आहे यात. रुसवा मनधरणीची वाट पाहतो. समजूत काढायला कुणी यावे म्हणूनच तो असतो, आणि जिव्हाळ्याच्या नात्यात त्याला फार गोड जागा आहे. नकाराला पुढचे काही नको असते. पण ऐकणाऱ्याला पुढे काहीतरी हवे असते, म्हणून तो नकाराचा रुसवा करून घेतो आणि समजूत काढायला निघतो. सासू, सासरा, दीर, नणंद, शेवटी चाबूक. माझे म्हणणे एवढेच आहे: नकार न समजल्यामुळे नाकारला जातो, असे फारसे घडत नाही. तो दुसऱ्या कशात तरी रूपांतरित केला जातो. ऐकणारा त्याचे असे काहीतरी करतो की ज्याला पुढची पायरी असते.

स्पेनमध्ये नकाराचे रूपांतर परीक्षेत केले जात होते. ज्या शूरवीरांच्या कादंबऱ्या वाचून डॉन क्विक्झोटचे डोके फिरले त्यांत पहिल्या मानाची ‘अमादिस दे गौला’. तिची आज उपलब्ध असलेली सगळ्यात जुनी छापील आवृत्ती १५०८ सालची, सारागोसाची. त्यात राजकन्या ओरियाना गैरसमजातून अमादिसला पत्राने झिडकारते. तो नाव बदलतो, एका उजाड खडकावर जाऊन तपश्चर्या करतो, आणि पुढे समेट होतो. त्या जगात राजकन्येचा ‘नाही’ म्हणजे वीराच्या सेवेतला एक मुक्काम. जितका कठोर नकार तितके त्याचे प्रेम मोठे ठरते, आणि कविता लिहायला तितके अधिक साहित्य मिळते. ग्रिसोस्तोमोने हेच केले. सर्वांतेसने इथे एक बारीक गोष्ट नोंदवून ठेवली आहे. कविता वाचून झाल्यावर विवाल्दो नावाचा वाटसरू शंका काढतो: मार्सेलाच्या चारित्र्याबद्दल जे ऐकले त्याच्याशी कवितेतला मत्सर जुळत नाही. त्यावर मित्र अम्ब्रोसिओ कबूल करतो की ग्रिसोस्तोमो तिच्यापासून मुद्दाम दूर राहिला होता, त्या काळात हे लिहिले. मत्सराला आधार काही नव्हता. म्हणजे आरोप खोटे आहेत हे वाचणाऱ्यांनाही माहीत आहे. तरी कविता वाचली जाते, आणि कबरीवरच्या शिळेसाठी अम्ब्रोसिओने जो मजकूर योजला आहे त्यात एका निर्दय सुंदरीने याचा जीव घेतला असेच सांगितले आहे. मार्सेला येऊन बोलून गेल्यानंतर हा मजकूर आपल्याला वाचायला मिळतो. तिच्या बोलण्याने त्यातला एक शब्दही बदललेला नाही.

आणि ऐकणाऱ्यांचे काय? तिने एवढे स्वच्छ सांगितल्यावरही काहीजण तिच्यामागे जाण्याच्या बेतात असतात. तेव्हा डॉन क्विक्झोट तलवारीच्या मुठीवर हात ठेवून बजावतो की तिच्यामागे कुणी जायचे नाही. तिने आपली बाजू पुरेपूर मांडली आहे. इथे मला त्या वेड्या म्हाताऱ्याबद्दल भरून आले. सगळ्या रानात ऐकणारा तो एकटा निघाला. पण हेच प्रकरण संपता संपता तो ठरवतो की आपण जाऊन तिला शोधावे आणि आपली सेवा तिच्या पायी अर्पण करावी! पंधराव्या प्रकरणाच्या आरंभी तो आणि सांचो दोन तासांहून अधिक वेळ ते रान धुंडाळतात. तिच्या बाजूने उभा राहिलेला माणूसही तिच्यामागे गेलाच. संरक्षण करणाऱ्याला नकार लागू होत नाही असे त्याला मनापासून वाटते, आणि मला वाटते, आपल्या घरातल्या भल्या पुरुषांनी हे पान दोनदा वाचावे.

ऑर्म्सबी यांचा अनुवाद लंडनमध्ये प्रसिद्ध झाला तो १८८५ साली. त्याच वर्षी मुंबईत ‘टाइम्स ऑफ इंडिया’त ‘एक हिंदू स्त्री’ या नावाने बालविवाहावर आणि लादलेल्या वैधव्यावर पत्रे छापून आली, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती पिन्ही यांनी दादाजी भिकाजी यांचा दावा फेटाळला. पत्रे लिहिणारी आणि दाव्यातली प्रतिवादी एकच: रखमाबाई. लग्न लागले तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या. त्या आईजवळ आणि सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरीच वाढल्या, शिकल्या. नवऱ्याने १८८४ साली नांदायला येण्यासाठी दावा लावला. त्या म्हणाल्या, यायची नाही.

‘नांदणे’ हा शब्द काय सुंदर आहे! त्यात सुख आहे, समृद्धी आहे, घर भरलेले असणे आहे. आणि त्याच शब्दाचा दावा होऊ शकतो, वॉरंट होऊ शकते. वैवाहिक हक्कांची पुनःस्थापना ही कायद्यातली कल्पना हिंदू धर्मशास्त्रातली नाही. ती इंग्लंडच्या धर्मपीठांच्या न्यायालयांतून इथे आली. पिन्ही यांचे म्हणणे होते की जे कधी एकत्र नांदलेच नाहीत त्यांच्या बाबतीत पुनःस्थापना कशाची करायची? अपिलात हा निकाल १८८६ साली उलटला, आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला: एका महिन्यात नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिन्यांपर्यंतचा तुरुंगवास. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी कळवली.

या उत्तराकडे भाषा म्हणून पाहावे असे मला वाटते. नवरा आजारी आहे, त्याला कमाई नाही, तो दुसऱ्याच्या घरी राहतो, ही कारणे दाव्यात आलीच होती. पण कारणे दिली की ऐकणाऱ्याच्या हाती पायऱ्या येतात. आजार बरा होईल, कमाई होईल, वेगळे घर करता येईल. मग यायला हरकत काय? रखमाबाईंचा गाभ्याचा मुद्दा कारणांच्या खालचा होता. अजाण वयात माझ्या संमतीवाचून जे बांधले गेले ते मला बांधत नाही. मार्सेला म्हणते, ऋणच नाही. या म्हणतात, करारच नाही. अशा नकाराला समजूत काढायला जागा राहत नाही. म्हणूनच समोरचे इतके चिडले. टिळकांच्या ‘केसरी’ने आणि ‘मराठा’ने त्यांच्याविरुद्ध जी धार धरली ती यामुळे. एका बाईच्या सासरच्या तक्रारीचा विषय असता तर समेटाचे शंभर मार्ग होते. दादाजींनीही १८८७ साली आपली बाजू सांगणारी पुस्तिका काढली, आणि तिला रखमाबाईंनी जाहीर उत्तर दिले. ग्रिसोस्तोमोची कविता आणि खडकावरचे भाषण इथे छापखान्यातून समोरासमोर आले.

आपल्या परंपरेत बाईचा नकार मान्य झालेला नाही असे नाही. मंगळवेढ्याच्या कान्होपात्रेची कथा घराघरांत माहीत आहे. बिदरच्या बादशहाचे बोलावणे आले आणि तिने विठ्ठलाच्या पायी देह ठेवला. पंढरपूरच्या देवळात तिचे तरटीचे झाड लोक आजही दाखवतात. पण त्या नकाराचे व्याकरण पाहा: मी तुझी नाही, कारण मी त्याची आहे. एका धन्याला नाकारायला दुसरा, मोठा धनी लागतो. स्पेनमध्ये त्या जागी मठ होता, तिथली मुलगी देवाची वधू होत असे. कान्होपात्रेच्या अभंगांवर माझा जीव आहे, तिच्यासमोर दुसरी वाटच नव्हती हेही मला कळते. तरीही मार्सेला आणि रखमाबाई यांनी जे केले ते निराळे आहे. मार्सेला मठात जात नाही, ती मेंढ्या राखते. रखमाबाई लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या आणि सुरत, राजकोट इथे त्यांनी उभा जन्म बायकांची दुखणी बरी केली. कुणाच्या नावावर न जाता दिलेला नकार ऐकायला आपला समाज तेव्हा तयार नव्हता. आजही स्थळ नाकारणाऱ्या मुलीला पहिला प्रश्न येतो तो हाच: दुसरा कुणी आहे का?

स्थळांचा विषय निघाला म्हणून सांगते. ‘पत्रिका जुळत नाही’ हे वाक्य आपल्या मध्यमवर्गाने नकारासाठी घडवलेले केवढे नाजूक हत्यार आहे. त्यात कुणीच कुणाला नाकारत नाही, ग्रह नाकारतात. ‘घरच्यांशी बोलून कळवतो’, ‘यंदा कर्तव्य नाही’, ‘बघू’. मी पूर्वी या वाक्यांना भित्री म्हणत असे. आता म्हणत नाही. माझ्या एका मावसबहिणीला चार वर्षांत अकरा ठिकाणांहून पत्रिका न जुळल्याचा निरोप आला. त्या खोट्या शब्दामुळेच तिला बाराव्या वेळी ट्रे घेऊन बाहेर येण्याचे बळ राहिले, असे ती स्वतः सांगते. सौम्य नकार समोरच्याचा चेहरा जपतो. पण तो जपला जातो कधी? ऐकणाऱ्याला जेव्हा तो समजून घ्यायचा असतो तेव्हा. मुलाकडच्यांच्या ‘पत्रिका जुळत नाही’चा अर्थ मुलीकडच्यांना एका क्षणात कळतो. मुलीच्या ‘बघू’चा अर्थ मात्र तिच्यामागे लागलेल्या मुलाला वर्षभर कळत नाही.

एक आक्षेप मी स्वतःवरच घेते. मार्सेलाला असे ताठ बोलणे परवडते, कारण गिलेर्मोची संपत्ती तिच्यामागे आहे. ती भाषणात ते सांगतेही. रखमाबाईंच्या नावेही वडिलांची मालमत्ता होती. जिच्यामागे काही नाही तिने काय करावे? तिचा नकार बहुधा बोलण्यात नसतोच. तो उशीर करण्यात असतो, आजारी पडण्यात, माहेरी बाळंतपण लांबवण्यात, विसरल्याचे सोंग घेण्यात. आणि जिथे सगळ्यांकडेच काही नाही तिथे? आमच्याच जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाब्यात, अलिबाग तालुक्यातल्या चरीला १९३३ साली नारायण नागू पाटील यांच्या पुढारपणाखाली कुळांनी खोतांची शेते कसायची नाहीत असे ठरवले. संप १९३९ पर्यंत चालला. सहा वर्षे खाडीकाठची भातशेते पडून राहिली. माणसांनी जंगलातली लाकडे विकून, मासे-खेकडे धरून दिवस काढले. डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोतीविरुद्ध विधेयक आणले त्यामागे हा संप उभा होता. ज्याच्याजवळ नांगर धरायच्या हातांपलीकडे काही नाही त्याने तेच हात आवरले, आणि गावाने मिळून आवरले म्हणून ते टिकले. एकट्या कुळाचा नकार खोताने दुसऱ्या दिवशी बेदखल करून संपवला असता.

पनवेलमध्ये बसून हे लिहिताना जमिनीचा नकार टाळता येत नाही. १९७० साली नवे शहर वसवण्यासाठी सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण या तालुक्यांतल्या पंचाण्णव गावांच्या जमिनी संपादनाच्या अधिसूचनेत आल्या. १८९४ चा भूसंपादन कायदा शेतकऱ्याला काय म्हणू देत होता? तो ‘हरकत’ घेऊ शकत होता. हरकतीची सुनावणी होई, अहवाल जाई. पण ‘देत नाही’ या शब्दाला त्या कायद्यात घरच नव्हते. हरकत घेता येते आणि नकार देता येत नाही, हे वाक्य मी जितक्या वेळा मनात म्हणते तितके ते मला अधिक भयंकर वाटते. मग १६ आणि १७ जानेवारी १९८४ आले. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली रस्त्यावर उतरलेल्या आगरी-कोळी-कऱ्हाडी माणसांवर जासई-नवघरच्या भागात गोळीबार झाला, पाच जण गेले. त्या बलिदानातून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे तत्त्व मिळाले. ते मोठे यश आहे. इथल्या हजारो घरांची चूल त्यावर पेटली, आणि दिबांबद्दल या भागात जी माया आहे ती पूर्ण कमावलेली आहे. तरीही मला त्यात भोंडल्याचे गाणे ऐकू येते. शासनाच्या कानाला ‘देत नाही’ हे ‘किती देता?’ असेच ऐकू आले. दुसरे काही ऐकण्याची त्याच्या कायद्यात सोयच नव्हती. आमच्या गटात विमानतळासाठी उठलेल्या दहा गावांपैकी एका गावची एक आजी येते. ती एवढेच म्हणाली, “आमाला इचारलं ता नाय. सांगितलं.” पुढे २०१३ च्या कायद्याने खाजगी प्रकल्पांसाठी ऐंशी टक्के आणि भागीदारीच्या प्रकल्पांसाठी सत्तर टक्के बाधित कुटुंबांची संमती आवश्यक केली. शासनाच्या स्वतःच्या प्रकल्पांना ती अट नाही.

रखमाबाईंच्या नकाराचाही शेवट किमतीतच झाला हे मला नेहमी सलते. जुलै १८८८ मध्ये दादाजींनी दोन हजार रुपये घेऊन दावा सोडला. पिन्हींचा निकाल उलटल्यावर कोर्टाने रखमाबाईंचा ‘नाही’ मान्य केलाच नाही. तो पैशाने मोकळा करून घ्यावा लागला. वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेचे कलम आजच्या हिंदू विवाह कायद्यातही नवव्या क्रमांकाला आहे. १९८३ साली आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवले होते, १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा वैध ठरवले. आता तुरुंग नाही, पण नांदायला ये अशी नोटीस अजून येते.

आणि आता त्या शिळेवरच्या मजकुराकडे परत येते, कारण तो मला रोज वाचायला मिळतो. मराठी वर्तमानपत्रांत एक ठरलेला शब्दप्रयोग आहे: ‘एकतर्फी प्रेमातून’. एकतर्फी प्रेमातून तरुणीवर हल्ला. १९९० साली उल्हासनगरला दहावीच्या परीक्षेला बसलेल्या मुलीला जाळले तेव्हा हाच शब्द होता. ३ फेब्रुवारी २०२० रोजी हिंगणघाटला कॉलेजात शिकवायला निघालेल्या तरुण प्राध्यापिकेला भररस्त्यात पेटवले, तेव्हाही तोच. तिने आठवडाभर झुंज दिली. या शब्दप्रयोगाचे पदर सोडून पाहा. ‘प्रेमातून’ म्हटले की कृत्याचे मूळ प्रेमात गेले. ‘एकतर्फी’ म्हटले की त्या प्रेमात एक बाजू कमी पडली, आणि ती कमी बाजू तिची. न फेडलेले काहीतरी तिच्याकडे बाकी होते असा हिशेब त्या दोन शब्दांत मांडून ठेवलेला आहे. अम्ब्रोसिओने शिळेसाठी जे लिहिले त्यात आणि यात चारशे वर्षांत काय फरक पडला? तिने स्पष्ट नाही म्हटले होते ही त्या घटनेतली सगळ्यात ठळक गोष्ट आहे, आणि मथळ्यात तिला जागा नाही. ‘नकार दिल्यामुळे’ असे लिहितात कधी कधी. तेही तिच्या नकाराला कारण करून. ‘नकार न मानता’ असे लिहिता येते. अक्षरे फारशी वाढत नाहीत, कर्ता मात्र बदलतो: पहिल्या वाक्यात कृती तिची आहे, दुसऱ्यात त्याची.

मी हे गटात मांडले तेव्हा बराच वेळ कुणी बोलले नाही. मग आम्ही मार्सेलाच्या भाषणाचे मराठी पुन्हा केले, सगळ्यांनी मिळून, वाक्यावर वाक्य घासून. ‘यायची नाही’ हेच ठेवले. भोंडल्यातल्या सुनेचे ते शब्द वाटले तर वाटू देत. तिने पाच जणांना नाही म्हटले होते, ते पाचही वेळा खरेच असेल असे आता मला वाटते. पुढची ओळ तिची नसेल.

वाचन संपल्यावर त्या आजीने विचारले, “मंग पुढं ही पोर कवा येते?”

मी पुस्तक शेवटपर्यंत चाळले होते. दोन्ही भाग मिळून जवळजवळ हजार पाने आहेत. त्यात ग्रिसोस्तोमोची कविता आहे, कबरीवरचा मजकूर आहे, डॉन क्विक्झोटने तिच्या शोधात घालवलेले दोन तास आहेत. ती मात्र झाडीत शिरल्यावर पुन्हा एकाही पानावर येत नाही.

“येत नाही, आजी.”

“बराय,” ती म्हणाली आणि चष्मा काढून पदराने पुसू लागली.